पाचवी खूण

४ फेब्रुवारी

वन्सं,

सहा वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्ही मला. वर्षातून दोनदा फोन, तोही ‘बरं आहे ना’ आणि ‘बरं आहे’ एवढाच. आज लिहायला बसले ती खुशाली विचारायला नाही, हे तुम्ही पाकीट बघूनच ओळखलं असेल.

मासोळीला फिट आली. तलावावर मुलांना पोहायला शिकवत होती. त्या वेळी पाण्यात नव्हती, काठाच्या पायरीवर बसली होती, म्हणून आज मला मुलगी आहे. स्कॅन झाला. मेंदूत डावीकडे रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, तुतीच्या फळाएवढा, दिसायलाही तसाच. ह्यांच्या डोक्यात होता तसा. डॉक्टर म्हणाले, हा प्रकार काही घराण्यांतून उतरतो. एकदा त्यातून थोडं रक्त झिरपून गेलंय. पुढच्या वेळी थोडंच झिरपेल याची हमी कोणी देत नाही. काढून टाकावा म्हणतात.

तेच हॉस्पिटल, तेच मोठे डॉक्टर. डोक्यावर चकत्या चिकटवून, स्कॅनच्या चित्रांवर बघत बघत ऑपरेशन करण्याचं तेच यंत्र.

मुलगी तेवीस वर्षांची आहे, सही तिची ती करू शकते. पण म्हणते, “आई, तू हो म्हटल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही.” मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, “तू विचार करत नाहीस, तू संशय घेतेस. स्कॅनमध्ये तुझा संशय दिसला तर डॉक्टर आधी तोच काढतील.” अगदी बापाची जीभ.

संशय घेते, खरं आहे. ह्यांच्या कपड्यांबरोबर हॉस्पिटलने एक पाकीट दिलं होतं. सहा वर्षं ते शिलाई मशिनच्या खणात तळाशी होतं. परवा उघडलं. एका कागदावर डोक्याचं चित्र आहे आणि त्यावर सात ठिपके, एक ते सात आकडे घातलेले. खाली हाताने लिहिलंय, ‘खूण क्र. ५ वगळली.’ शेजारी तुमची सही.

त्या चकत्या ह्यांच्या डोक्यावर तुम्हीच लावल्या होत्या. थिएटरमध्ये यंत्रापाशीही तुम्हीच होतात. ते गेल्यावर महिन्याभरात तुम्ही ते हॉस्पिटल सोडलंत, शहरही सोडलंत. भावाच्या घरी सहा वर्षांत पाऊल टाकलं नाहीत.

पाचवी खूण का वगळली? फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवरचं विरून जातं. कागदावरचं मला पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि मी वाचते, हे तुम्हाला ठाऊक आहे.

वहिनी

१२ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. मासोळी आता कशी आहे? गोळ्या वेळेवर घेते का? तिला तलावावर जाऊ देऊ नका, काठावरसुद्धा नाही. तिनं कितीही तोंड केलं तरी.

ऑपरेशन करून घ्या. मी हे नणंद म्हणून नाही, सोळा वर्षं हेच काम केलेली म्हणून सांगते. तिचा गुंता वरच्या थरात असेल तर तो काढणं दादाच्या मानानं पुष्कळ सोपं आहे. दादाचा खोल होता.

यंत्राचं तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल म्हणून सांगते. स्कॅनची चित्रं म्हणजे नकाशा आणि डोकं म्हणजे जमीन. चकत्या दोन्हीकडे दिसतात, चित्रातही आणि डोक्यावरही. डॉक्टर एका सळईचं टोक एकेका चकतीवर टेकवतात, वरचा कॅमेरा ते बघतो, आणि यंत्र नकाशा जमिनीवर बसवतं. मग सळई आत कुठे आहे ते पडद्यावर दिसत राहतं. कवटीला मोठं भगदाड पाडावं लागत नाही, नेमकी वाट सापडते.

खूण वगळणं ही नेहमीची गोष्ट आहे. एखादी नीट जुळत नाही, ती सोडून देतात. सात लावतात त्या त्यासाठीच. त्यात आणखी काही शोधू नका.

मी का आले नाही, ते कधीतरी बोलू.

धाकटी

१९ फेब्रुवारी

वन्सं,

‘कधीतरी बोलू’ हे वाक्य मी चार वेळा वाचलं. ज्याला बोलायचं असतं तो तारीख सांगतो.

नकाशा आणि जमीन कळली. लायब्ररीतून मेंदूवरचं एक जाड पुस्तक आणलंय. मी सातवीपर्यंत शिकलेली, पुस्तकातलं सगळं कळतं असं नाही, पण जेवढं कळतं तेवढं विसरत नाही. आणि मला हे माझ्या कामातूनच जास्त कळलं. कागदाचं कटिंग आपण कापडावर टाचण्यांनी बसवतो. एक टाचणी सरकली तर कात्री इमानदारीत चुकीच्या जागी चालते. बाही तिरकी जाते. बाही उसवता येते, वन्सं.

म्हणून पुन्हा विचारते. पाच नंबरची टाचणी का सरकली?

तो दिवस मला मिनिट न् मिनिट पाठ आहे. आदल्या संध्याकाळी तुम्ही चकत्या लावल्यात, स्कॅन झाला. सकाळी मी घरून आले ती थेट मशिनवरून उठून. शाळेचे निळे स्कर्ट द्यायचे होते, तेवढे संपवून आले. हे खाटेवर बसले होते, डोकं भादरलेलं, त्यावर त्या भोकाच्या चकत्या. मला म्हणाले, “बघ, बटणं लावून ठेवलीत. आता काजं करायला डॉक्टर येतील.” त्यांना घाम फुटला होता. मी टॉवेलने डोकं पुसलं. एक चकती टॉवेलबरोबर निघाली, ती मी होती तिथे नीट दाबून बसवली. मग त्यांना न्यायला आले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा काढला आणि खिशात टाकायला गेले, तर हॉस्पिटलच्या झग्याला खिसाच नव्हता. आम्ही दोघं हसलो. हे शेवटचं.

मग मी बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या शर्टाचा गळा उसवत होते. पट्टी बांधलेल्या डोक्यावरून शर्ट जावा म्हणून पुढे पूर्ण उघडा करून बटणं लावत होते. सहावं बटण लावताना तुम्ही दार उघडून बाहेर आलात आणि माझ्याकडे न बघता निघून गेलात. मी हाक मारली, तरी थांबला नाहीत. मला तेव्हाच कळलं, आत काहीतरी झालंय. पण काय, ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

तुम्ही सांगणार नसाल तर मी डॉक्टरांना भेटते. वेळ मागितली आहे.

वहिनी

२७ फेब्रुवारी

वहिनी,

डॉक्टरांना जरूर भेटा. मासोळीबद्दल जे विचारायचं ते विचारा.

फक्त एक ऐका. त्या सकाळचं, टॉवेलचं वगैरे, त्यांच्याजवळ काढू नका. त्याचा काही उपयोग नाही, उगीच फाटे फुटतील. मी हात जोडून सांगते.

धाकटी

९ मार्च

वन्सं,

तुमचं चार ओळींचं पत्र मी पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेले. तुम्ही काढू नका म्हणालात म्हणूनच त्या सकाळचं सगळं काढायचं ठरवलं होतं. काढावंच लागलं नाही.

डॉक्टर आता पिकलेत, चष्मा जाड झालाय. मी कागद समोर ठेवला. त्यांनी जुनी फाईल मागवली, वाचली, आणि म्हणाले, “पाचवी खूण चित्रातल्या जागेपासून अकरा मिलिमीटर सरकलेली होती. टेकवताक्षणी यंत्राने दाखवलं. आम्ही ती सोडली आणि बाकी सहांवर काम केलं.”

मी विचारलं, “कोणाची चूक?”

ते म्हणाले, “बाई, त्या चुकीने काही बिघडलं नाही.”

“न बिघडवणारी का असेना, कोणाची?”

त्यांनी फाईलचं पान उलटलं. मग म्हणाले, “तंत्रज्ञ बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, माझी. मी लावताना चुकले. तशी नोंद आहे. त्यांना लेखी समज दिली होती.”

अकरा मिलिमीटर. मी घरी येऊन टेप काढली आणि बघितलं. शर्टाचं बटण तेवढंच असतं. त्यांच्या मेंदूत एका बटणाएवढी चूक झाली आणि ती तुम्ही केलीत. सख्ख्या भावाच्या डोक्यात. आणि सहा वर्षं मला ‘बरं आहे ना’ विचारत राहिलात.

काही बिघडलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. म्हणणारच. एकाच छपराखालची माणसं. मी काय आज जन्मले?

मासोळीला परवा पुन्हा फिट आली, जिन्यात. पुढचा दात तुटला. हसली तर आता पाच वर्षांची दिसते. मला म्हणते, “आई, हो म्हण ना आता. पुढच्या वेळी जिना तरी असेल की नाही कोण जाणे.” मी नाही म्हटलं. ज्या खोलीत नवऱ्याला पाठवलं, जिथे चूक झाली आणि ती झाकली, तिथे मुलीला पाठवू? दुसरं हॉस्पिटल शोधते आहे. सगळीकडून एकच उत्तर येतं, हे काम तिथेच चांगलं होतं.

तुम्ही आता काही लिहू नका. लिहिलंत तर खरं लिहा.

१५ मार्च

वहिनी,

खरं लिहिते. चूक माझी. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे. तुम्ही मला जे म्हणाल ते ऐकून घ्यायला मी बांधील आहे.

पण माझ्यावरचा राग मासोळीवर काढू नका. त्या खोलीतून दोष असलेलं माणूस सहा वर्षांपूर्वीच निघून गेलंय. ती चूक पुन्हा होणार नाही, कारण मी तिथे नाही. यंत्र तेच चांगलं, डॉक्टर तेच चांगले.

दोन फिटा दीड महिन्यात आल्या. यापुढे थांबणं ही सावधगिरी नाही. वहिनी, तिला हो म्हणा. मग माझ्याशी आयुष्यभर बोलू नका, चालेल.

धाकटी

२ एप्रिल

वन्सं,

मी हो म्हटलं. तुमचं पत्र आल्यावरच म्हटलं, हे कबूल करते. कोणीतरी एकदाचं ‘चूक माझी’ म्हणालं, आणि मला पाय टेकायला जागा मिळाली.

काल तिला दाखल केलं. केस काढले. पाणी कापायला हलकं डोकं बरं, असं तिचं म्हणणं. मग चकत्या लावायला एक उंच बाई आल्या. तुमच्या जागेवरच्या. मी शेजारी उभी राहून बघत होते, पोलिसासारखी. प्रत्येक चकती लावली की त्या बाई जांभळ्या पेनने तिच्याभोवती कातडीवर गोल काढायच्या.

मी विचारलं, “हे कशाला?”

“सरकली तर कळावं म्हणून.”

“आणि सुटलीच तर?”

“सुटली तर कोणी हात लावायचा नाही. मला हाक मारायची, मी बघेन, लागलं तर परत स्कॅन.” मग त्या हसून म्हणाल्या, “सुटलेली दिसते हो, आजी. घरच्यांनी मायेने परत चिकटवलेली दिसत नाही. तीच भारी पडते.”

त्यांनी मला आजी म्हटलं याचा रागसुद्धा आला नाही.

मी पिशवीतून तो कागद काढला. पाच नंबर कुठे आहे ते आजवर मी बघितलंच नव्हतं, आकडाच बघत होते. कपाळावर डावीकडे, केस सुरू होतात तिथे. टॉवेलबरोबर निघाली ती चकती तिथलीच होती. मी बसवलेली. माझी नजर सुतालाही चुकत नाही म्हणून चाळीस वर्षं लोक मला कापड देतात. त्याच नजरेने बसवली, बटण लावावं तशी, दाबून. ह्यांच्या कपाळावर गोल नव्हता. असता तर मला कळलं असतं.

वन्सं, तुम्ही मला खोटं लिहिलंत. थिएटरमध्येही खोटं बोललात.

काल दुपारी एक अपघाताचा रोगी आला आणि मासोळीचं ऑपरेशन पुढे गेलं. सतरा तारखेला पुन्हा दाखल, अठराला ऑपरेशन. चकत्या काढून आम्ही घरी आलो. तिला काही सांगितलं नाही. ती विचारते, “आई, तू हात सारखे धुतेस का?”

मी ऑपरेशन थांबवणार नाही. पण सतरा तारखेला मी तिच्या खाटेजवळ बसावं की बाहेर, हे मला ठरवायचंय. माझ्या बोटाने ते गेले असतील तर मी तिच्या जवळपासही फिरकणार नाही, शेजारच्या बाईंना बसवीन. मला सांभाळून घेऊ नका. सहा वर्षं घेतलंत तेवढं पुरे. काय झालं ते सांगा.

वहिनी

७ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र दारातच उभ्यानं वाचलं आणि तशीच लिहायला बसले. ऐका. काही गाळत नाही.

आदल्या संध्याकाळी मी दादाला चकत्या लावत होते. गोल काढायचा नियम तेव्हाही होता. डोक्यावरच्या पाच चकत्यांना काढले. कपाळावर दोन होत्या. पहिला गोल काढायला घेतला तर दादानं माझा स्टीलचा ट्रे उचलून त्यात बघितलं आणि म्हणाला, “धाकटे, हा गोल आहे की बटाटा? अख्ख्या बाजारपेठेच्या पाट्या मी रंगवल्या, आणि माझ्याच कपाळावर बटाटा?” मी पुसला. तो म्हणाला, “काढायचाच तर ब्रश दे, मी काढतो.” आम्ही एवढे हसलो की मी कपाळावरच्या दोन्ही सोडून दिल्या. एका रात्रीचा तर प्रश्न, असं म्हटलं. ही माझी चूक. ती खरी आहे. त्यामुळे तुम्हाला मी सगळंच खोटं लिहिलं नव्हतं.

सकाळी थिएटरमध्ये डॉक्टरांनी एकेक चकती टेकवली. पाचव्या वेळी पडद्यावर लाल आकडा आला, अकरा. डॉक्टर थांबले. मी चकती काढून हातात घेतली. मागच्या चिकट बाजूला निळ्या दोऱ्याचा एवढासा तुकडा होता. शाळेच्या स्कर्टचा निळा. तुमच्या बोटांवरचा.

डॉक्टरांनी विचारलं, ही कोणी लावली? तुम्ही दाराबाहेर बाकावर शर्ट उसवत बसला होतात, मी येताना बघितलं होतं. मी म्हटलं, मी. दोरा मी मुठीत धरला.

आता हे नीट वाचा, हवं तर चार वेळा. ती चकती सोडली. सहांवर यंत्र पुन्हा बसवलं. मग नाकाचा मधला भाग, दोन्ही कानांपुढचं हाड, अशा न हलणाऱ्या जागांवर सळई टेकवून तपासलं. कुठेही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. दहा मिनिटं गेली, बाकी काही गेलं नाही. वाट बरोबर सापडली. गुंता यंत्राने दाखवला तिथेच होता. मी स्वतः पडद्यावर बघत होते. पावणेदोन तासांनी त्या गुंत्याच्या खालची एक नीला, म्हणजे रक्त परत नेणारी शीर, फुटली. ती सगळ्यांना दिसत होती, चित्रातही होती, पण तिची भिंत किती पातळ आहे ते कुठलंच चित्र दाखवत नाही. डॉक्टरांनी तासभर झुंज दिली. दादा गेला, तेव्हा मी बाहेर आले. तुमच्या हाकेला थांबले असते तर दादाचंही सांगितलं असतं आणि दोऱ्याचंही. म्हणून थांबले नाही. नंतर प्रत्येक वेळी तेच. तुमच्यासमोर बसले की तोंडातून दोरा निघेल, ही भीती.

दादा तुमच्या बोटाने गेला नाही. माझ्या न काढलेल्या गोलानेही नाही. पहिलं वाक्य मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्यावर माझा रोज विश्वास बसतोच असं नाही, पण तो माझा प्रश्न.

तुम्ही तिच्या खाटेजवळ बसा. तुमच्यापेक्षा चांगला पहारेकरी तिला मिळणार नाही.

धाकटी

२४ एप्रिल

वन्सं,

तुम्ही लिहिलेलं मी लगेच खरं मानलं नाही. माझा स्वभाव आता बदलायचा नाही. डॉक्टरांना पुन्हा भेटले आणि तुमचं पत्र न दाखवता एकेक गोष्ट वेगळी विचारली. किती वेळ गेला, कुठे कुठे तपासलं, नीला कधी फुटली. त्यांनी जुन्या फाईलवरून सांगितलं. दहा मिनिटं, नाक आणि कान, पावणेदोन तास. तुमचं आणि त्यांचं जुळलं. मग मी रडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस वाईट नाही.

पेला ठेवला आणि त्यांना सांगितलं, पाचवी खूण माझी होती. त्यांनी चष्मा काढून फाईलवर ठेवला. मग म्हणाले, “आता काय करायचं म्हणता?” मी म्हटलं, लिहा. जिथे त्यांची चूक लिहिलीत तिथे माझी लिहा, तुमच्या शब्दांत नको, माझ्या. त्यांनी लिहिलं. ‘चकती टॉवेलने निघाली, पत्नीने परत चिकटवली, कोणाला सांगितलं नाही.’ मी तीनदा वाचून सही केली. तुमच्या नावासमोरच्या समजेवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि रेघेखाली आपली सही केली. रेघ सरळ होती, मी बघितली.

सतरा तारखेला मी खाटेजवळच बसले. दुपारी मासोळी कुशीवर झोपली. उठली तेव्हा डाव्या कानामागची चकती एका बाजूने वर आली होती, नखाएवढी. बोटानं दाबली असती तर बसली असती. कोणालाही कळलं नसतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि बसल्या जागेवरून हाक मारली. अशी मारली की दोन नर्स आणि समोरच्या खाटेवरचा पाहुणा धावत आले. मासोळी म्हणाली, “आई, आग लागली का?” मी म्हटलं, चकती सुटली. ती म्हणाली, “मग दाब की.” मी म्हटलं, नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मांड्यांखालच्या हातांकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. ही एवढी बडबडी मुलगी.

त्या उंच बाई आल्या, गोलाशी ताडून बघितलं, चकती बदलली आणि पुन्हा स्कॅनला नेलं. दुसऱ्या दिवशी आमचा पहिला नंबर होता तो दुसरा झाला. मला काही वाटलं नाही.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. मी बाकावर होते, त्याच. हातात शिवणकाम नव्हतं, घेतलंच नाही. दार उघडून त्या उंच बाई बाहेर आल्या आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. तेवढ्या चालण्यावरूनच मला कळलं. तरी मी त्यांना दोनदा विचारलं.

गुंता निघाला. सगळा. शुद्धीवर आल्यावर मासोळी म्हणाली, “तलावाच्या मुलांना कोण बघतंय?” मी म्हटलं, देवाची आणि तलावावरच्या तुझ्या साहेबांची मर्जी. उजव्या हाताची बोटं जरा मंद आहेत, दोन-तीन महिन्यांत येतील म्हणतात. पुस्तकातही तसंच दिलंय. पोहायला आणखी वर्षभर थांबायचं आहे. त्यावरून रोज वाद घालते, म्हणजे बरी आहे. काल ती घरी आली ती ह्यांचा शर्ट घालून. पुढून उघडा, सहा बटणं. पट्टीवरून काही ओढावं लागलं नाही. शर्ट कोणाचा, कधी उसवला, सगळं तिला सांगितलं. दोऱ्याचंही. ती म्हणाली, “आत्याला बोलाव.” बस, एवढंच.

तिच्या कपाळावर दोन जांभळे गोल अजून आहेत. ते पेन साबणाने जात नाही, तेल लावून चोळावं लागतं. सकाळी मी कापूस घेतला आणि पुन्हा डबीत ठेवला. एक गोल बरा आहे. दुसरा सरळ सरळ बटाटा आहे. हे असते तर त्या बाईंची खैर नव्हती.

ते गोल मी पुसणार नाही. तुम्ही येऊन पुसा. एक तारखेला, शुक्रवारी, सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर येते. तारीख मी सांगितली आहे, म्हणजे मला बोलायचं आहे.

वहिनी